कॅरेटच्या भावात कॅरिबियन

आमच्या नारायणगावात रुपया फक्त बँकेत आणि एसटीत चालतो. बाकी सगळं कॅरेटमध्ये मोजतात. वीस किलो टोमॅटो बसणारा जो प्लॅस्टिकचा क्रेट, तो आमचा कॅरेट. पोरीचं लग्न, बोअर, ट्रॅक्टरचा हप्ता, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळ्याचा हिशेब याच मापात. "गुडघा किती कॅरेटला पडला?" असं बाजार समितीच्या आवारात कुणी विचारलं तर कुणाची मानसुद्धा वळत नाही.

अशा घरात, ऐन गौरीजेवणाच्या पंगतीत, हिंजवडीला नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येनं जाहीर केलं, "पप्पा, यंदा आपण सगळे कॅरिबियनला जाऊ. स्कूबा डायव्हिंगला. मी सगळं बघितलंय. बजेटमध्ये बसतंय."

"कुठल्या भावानं?" मी विचारलं.

पानावर आमचे मेहुणेही होते. शेजारच्याच गावचे, तिथल्या यात्रा कमिटीचे जुने सभासद आणि पंचक्रोशीत मिशीसाठी प्रसिद्ध. त्यांना स्कूबा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण कॅरिबियन म्हणताच त्यांनी पुरणपोळी खाली ठेवली. "दाजी, जायचंच! मार्शलचा बार्बाडोस, होल्डिंगचा जमैका, रिचर्ड्स-रॉबर्ट्सचा अँटिग्वा, लाराचा त्रिनिदाद. सगळं पाठ हाय मला." आमच्या पिढीचा तिकडचा भूगोल असा क्रिकेटवाल्यांनी शिकवलेला. १९७१ साली वाडेकरांचा संघ तिथं पहिल्यांदा मालिका जिंकला आणि पोरसवदा गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, हे रेडिओला कान लावून ऐकलेली माणसं अजून आमच्या पारावर आहेत. २९ जून २०२४ च्या रात्री ब्रिजटाऊनमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमारनं सीमारेषेवर तो झेल पकडला तेव्हा नारायणगाव मध्यरात्र उलटून गेली तरी फटाके उडवत होतं. त्या बेटांना चहूबाजूंनी समुद्र असतो आणि त्यात मासेही असतात, याकडे मात्र क्रिकेटच्या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

कन्येनं लॅपटॉप उघडला. तिचं बेट वेगळंच निघालं: बोनेअर. व्हेनेझुएलाच्या वरच्या अंगाला, नेदरलँड्सच्या ताब्यातलं. तिथं एकही फास्ट बोलर जन्मलेला नसल्यानं मेहुण्यांचा चेहरा उतरला. पण पोरीचा अभ्यास पक्का होता. या बेटाभोवतीचा समुद्र १९७९ पासून राखीव आहे. पाणी इतकं नितळ, की शंभर फुटांवरचं दिसतं. आणि काटकसरीची गोम अशी, की बोट करावी लागत नाही. भाड्याच्या गाडीत सिलिंडर टाकायचे, किनाऱ्याच्या रस्त्यानं जायचं आणि कडेला पिवळा रंगवलेला दगड दिसला की गाडी थांबवून थेट पाण्यात उतरायचं. त्या दगडावर जागेचं नाव लिहिलेलं असतं.

"रंगवलेला दगड म्हणजे म्हसोबाच की," आई म्हणाली. "नारळ फोडूनच उतरा."

आता खर्च. मेहुण्यांच्या बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद इथं जायला आपल्या पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे ऐकून मी जरा सावरून बसलो. पण भारतातून तिकडं थेट विमान नाही. मधे अमेरिकेत नाहीतर युरोपात विमान बदलायचं, आणि अमेरिकेत नुसतं बदलायचं म्हटलं तरी व्हिसा लागतो. म्हणजे मुक्कामाच्या घराला दार नाही, पण वाटेतल्या घराच्या अंगणातून जायलाही मुलाखत द्यायची. "मुलाखतीत काय विचारत्यात?" मेहुण्यांनी चौकशी केली. "परत येणार का, ते विचारतात," कन्या म्हणाली. "सांगायचं, टोमॅटो बांधणीला आलेत. दुसरा पुरावा कशाला?" 

विमान, राहणं, खाणं, भाड्याची गाडी, डायव्हिंग असं सगळं धरून चौघांचे हातचे न सोडता दहा लाख धरले. मग मी वहीच्या मागच्या पानावर खरा हिशेब मांडला.

जुलै २०२३ मध्ये आमच्या बाजारात कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. त्या भावानं दहा लाख म्हणजे पाचशे कॅरेट. एकरी दीड हजार कॅरेट निघाले तर माल चांगला आला म्हणायचं, म्हणजे तेरा-चौदा गुंठ्यांत कॅरिबियन! घरामागच्या तुकड्यात बसलं. पण त्याच वर्षी काही महिने आधी तोडणीची मजुरी सुटत नव्हती म्हणून लोकांनी उभ्या प्लॉटात जनावरं सोडली होती. कॅरेटला शंभर धरले तर लागतात दहा हजार कॅरेट, म्हणजे साडेसहा एकरांच्या वर. तेवढी जमीन आमच्या आजोबांच्याही नावावर नव्हती. आणि यात मल्चिंगचा कागद, ड्रिप, बांबू, तार, सुतळी, औषधं काहीच धरलेलं नाही. एकच सहल एका भावानं परसात मावते आणि दुसऱ्या भावानं सातबाऱ्यातही मावत नाही. कंपनीत महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाला बजेट ही गोष्ट सोपी का वाटते, ते मला त्या रात्री उमगलं.

पोरीनं आकडे बघितले आणि नवा मोहरा पुढं केला. होंडुरासजवळ उटिला नावाचं बेट आहे, स्वस्तात डायव्हिंग शिकण्यासाठी जगभरची फाटकी पोरं तिथं जातात म्हणे. "स्वस्त ते बेट आहे गं," मी म्हणालो, "तिथवरचं विमान नाही."

त्यात तारखांचा घोळ. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांची तोड आणि टोमॅटोची लागण. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा; मेहुणे त्या दिवसांत स्वतःच्या घरीही सापडत नाहीत. मेपासून टोमॅटोची तोडणी सुरू झाली की पाऊस लागेपर्यंत बाजार सोडून हलता येत नाही. शेतकऱ्याच्या घरात वर्षभर हेच चालतं: पैसा येतो तेव्हा वेळ नसतो आणि वेळ मिळतो तेव्हा पैसा बियाणाच्या दुकानात गेलेला असतो. सगळं खोडून वहीत एकच पट्टा उरला, दिवाळीनंतरचा. नेमके त्यानंतरच तिकडचे महागाईचे दिवस सुरू होतात, कारण थंडीनं काकडलेले अमेरिकन तेव्हा ऊन खायला त्या बेटांवर उतरतात.

तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी इतका वेळ राखून ठेवलेलं मत दिलं. "अहो, समुद्र तोच ना? मालवणला पण स्कूबा आहे. शाळेतल्या बाई जाऊन आल्या. फोटोत त्यांच्या डोक्यावरून मासा जातोय."

खरं तर इतक्या लांब बघायची आम्हाला जुनीच खोड. गावाजवळ खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडं तोंड करून बसल्यात आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकतायत. त्यामुळे वीस फूट खाली काय आहे हे बघायचं आमच्या तालुक्याचं राहूनच गेलं. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटाच्या तोंडावरचा तो दगडी रांजण जकातीचा होता असं सांगतात. समुद्र आमच्याकडं येऊन गेला. आमचं परतभेटीला जाणं तेवढं बाकी होतं.

मालवणचा बेत ठरला तसा प्रत्येकाचा प्रश्न बाहेर पडला. मेहुण्यांना सिलिंडरची काळजी. "ऑक्सिजन पुरंल ना?" पोरीनं सांगितलं, त्यात ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते, गाळून आणि कोरडी करून दाबून भरलेली. "म्हणजे पंक्चरवाल्याकडं भरतो तीच?" तीच, फक्त गाडीच्या चाकात तीस-पस्तीस पीएसआय दाब असतो, सिलिंडरात तीन हजारांच्या घरात. त्या हवेला आपल्या छातीला सोसेल इतकी सौम्य करून तोंडात देणारं यंत्र कूस्तो आणि गान्याँ या दोघा फ्रेंच माणसांनी १९४३ मध्ये बनवलं. मेहुण्यांनी दोघांची नावं दोनदा विचारून घेतली. यात्रेत पाहुण्यांना फेटे बांधायची सवय असल्यानं त्यांना प्रत्येक कामामागचा माणूस माहीत असलेला बरा वाटतो.

माझा प्रश्न मूलभूत होता. मी विहिरीत पोहायला शिकलेला. पाठीला डबा, कमरेला दोर, आणि काठावर उभ्या चुलत्याची लाथ. त्या शाळेतला पहिला धडा म्हणजे श्वास धरायचा, आणि दुसरा म्हणजे काहीही करून वर यायचं. इथं दोन्ही उलटं. श्वास अजिबात धरायचा नाही, कारण वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते आणि कोंडून ठेवली तर फुप्फुसाला इजा होते. आणि वर यायची घाई करायची नाही, कारण खाली जाण्याचेच पैसे दिलेले असतात. "बुडायला पैशे?" आमचे शेजारी तात्या म्हणाले. "आपल्याकडं व्यापारी फुकट बुडवत्यात."

आई माळकरी. तिचा विरोध होणार हे धरून आम्ही वकिली तयारी केली होती. पण सगळ्यांत आधी तिलाच पटलं. "मासे नुसते बघायचे? मारायचे नाहीत, खायचे नाहीत, बघून परत सोडून यायचे? मग चांगलंच आहे की. मी पण येते." तिनं शिदोरीला मासवडी केली. आमच्या भागातला हा थाटाचा पदार्थ: बेसनाच्या थापलेल्या उंड्यात तीळ, खोबरं, कांदा, लसूण यांचं झणझणीत सारण, वरून मत्स्याकार वळण आणि सोबत तर्रीचा रस्सा. मालवणात ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी वडी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ह्येच्यात मासो खंय आसा?" आईनं अभिमानानं सांगितलं, "कुठंच नाही."

पुणे, कोल्हापूर, राधानगरी करत फोंडा घाट उतरून आम्ही पोचलो, आणि धक्क्यावर पाय ठेवताच मेहुण्यांना स्वतःचं राज्य सापडलं. गुढीपाडव्याच्या सुमाराला आमच्या नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी ठरवायला येतात. मालवणच्या धक्क्यावर स्कूबावाल्यांच्या छत्र्यांखाली अगदी तोच बाजार भरला होता. फलक, फोटो, हाकारे, "या साहेब, बसा तर खरं." मेहुणे खुर्ची ओढून बसले. आधी भावाचं नाव काढलंच नाही. गाव विचारलं, चहा घेतला, बोट कुणाची, पाण्यात सोबत कोण उतरणार, किती वेळ खाली ठेवणार, व्हिडिओ वेगळा की त्यातच, हे खुंट्या हलवून बघितलं. मग इसार देण्यासाठी खिशात हात घातला आणि तो तिथंच थांबवून म्हणाले, "पाच माणसं हायेत, म्हातारीला नुसतं बोटीत बसवायचं. सांगा आता." समोरच्या पोरानं आकडा खाली आणला. पोरगी तोंडावर ओढणी घेऊन लांब उभी राहिली, पण दोनशे रुपये माणशी सुटले तेव्हा हळूच जवळ आली.

घासाघीस पैशांची करायची, सुरक्षिततेची नाही, हे मात्र तिनंच बजावलं. उतरणारा माणूस प्रशिक्षित आहे ना, हे तिनं कागद मागून बघितलं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाच आहे, त्यामुळे या किनाऱ्यावर शिकलेली माणसं मिळतात. मग तब्येतीचा फॉर्म: दमा, हृदयविकार, फिट, अलीकडचं ऑपरेशन. आमच्या सौभाग्यवतींनी बीपीच्या रकान्यापाशी पेन थांबवून माझ्याकडं बघितलं. "यांच्याशी बोलताना वाढतं, हे लिहू का?"

बोट निघाली. डाव्या हाताला सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर याच्या बांधकामाला हात घातला. शिवनेरीच्या तालुक्यातली माणसं म्हणून आम्ही बोटीतल्या इतर पर्यटकांकडं जरा यजमानाच्या नजरेनं बघितलं. किल्ल्याभोवतीचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आई बोटीच्या मध्यभागी जपमाळ घेऊन स्थिर बसली. बाकीच्या प्रवाशांना वांत्या होत असताना तिचं नामस्मरण अखंड चालू होतं.

आणि इथं मेहुण्यांची मिशी आडवी आली. मास्क चेहऱ्याला हवाबंद चिकटावा लागतो, आणि नाकाखाली तेल लावून पीळ दिलेली मिशी असेल तर तिच्या खालून पाणी आत शिरतं. मेहुण्यांचा मास्क पाण्यात डोकं घालताच भरायचा. दोन-तीनदा खोकत वर आले. प्रशिक्षक पोरगा नम्रपणे म्हणाला, "काका, मिशी थोडी कमी केली असती तर…" बोटीवर एकदम शांतता झाली. यात्रेच्या कुस्त्यांना जी मिशी पंच म्हणून उभी राहते, तिच्याबद्दल हे वाक्य आमच्याकडं कुणी उच्चारलं नसतं. पण पोरगा अनुभवी होता. त्यानं पेटीतून व्हॅसलीनची डबी काढली आणि बोटभर व्हॅसलीन मिशीवर थापलं. पाणी थांबलं. मिशी वाचली, जरी दुपारपर्यंत ती कानांच्या दिशेनं न जाता हनुवटीच्या दिशेनं बघत होती.

मी उतरलो. नाक दाबून फुंकर मारायची, कानात टक्क आवाज येतो, मग आणखी थोडं खाली. पाणी बोनेअरचं नव्हतं. पंधरा-वीस फुटांपुढं हिरवट धूसर. पण जवळचं सगळं लखलखीत. अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या माशांचा एक घोळका आला आणि माझ्या घड्याळाच्या काचेला चोची मारायला लागला. कुणालाच माझ्याकडून काही नको होतं: उधारी नाही, खताचं बिल नाही, पाण्याची पाळी नाही. मनगटाला आमच्या गावदेवी मुक्ताईच्या यात्रेतला लाल धागा होता. बघतो तर तो काळपट तपकिरी. पाणी सगळ्यांत आधी लाल रंग खातं, असं पोरीनं आधीच सांगितलं होतं. ज्या गावाचा जन्म टोमॅटोनं रंग धरायची वाट बघण्यात जातो, त्या गावच्या माणसाला हे बघून धस्स झालं. इथं बाजार भरवून उपयोग नाही. सगळा माल डागी म्हणून परत करतील.

पलीकडं मेहुणे रंगात आले होते. खडकाच्या कपारीत त्यांना जांभळा-निळा मासा दिसला, आणि त्यांनी आनंदानं प्रशिक्षकाला अंगठा दाखवला. फक्कड! स्कूबात अंगठा वर म्हणजे "मला वर न्या". पोरानं कर्तव्यदक्षपणे त्यांना धरलं आणि हळूहळू वर आणलं. मेहुण्यांना वाटलं, वर आणखी काही दाखवणार असेल. डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा समोर आई जप करत होती. पुढं अर्धा तास बोटीवर हिशेब चालला, की ठरलेल्या वेळातली किती मिनिटं राहिली. शेवटी त्यांना पुन्हा खाली सोडण्यात आलं, अंगठे मुठीत दाबून ठेवण्याच्या अटीवर.

डायव्ह करून त्याच दिवशी विमानात बसू नये, उंच घाटही चढू नये, अंगात विरघळलेल्या नायट्रोजनला निघून जायला वेळ द्यावा, असा नियम. आम्ही फारसे खोल गेलो नव्हतो, तरी पोरीनं तो पाळायला लावला आणि एक मुक्काम वाढला. सोलकढीची वाटी पुढं घेऊन मी वही काढली. पेट्रोल, राहणं, सुरमईच्या थाळ्या, स्कूबा, काकूंना दिलेली मासवडी वजा जाता, शंभर कॅरेटच्या आसपास. तेही तीनशेच्या भावानं.

या हिशेबात मला एक गोष्ट पक्की कळली. स्वस्त सहल म्हणजे कमी पैशांची सहल नव्हे. घरी परतल्यावर भाव पडलेला कळला, तरी जिच्या खर्चाची हळहळ वाटत नाही, ती सहल स्वस्त. कॅरिबियनला गेलो असतो तर प्रत्येक माशाकडं बघताना त्याच्या शेपटीला किती कॅरेट लटकलेत तेच मोजलं असतं. मालवणात मासे मोजले नाहीत, नुसते बघितले.

पोरीनं मात्र बोनेअरची फाईल बंद केलेली नाही. आता तिला पूर्ण कोर्स करायचाय, अठरा मीटरपर्यंत जायचा परवाना मिळणारा. मेहुण्यांनाही चटक लागलीय. परवाच त्यांनी भर पारावर शब्द दिला: कॅरेट पुन्हा दोन हजारांवर गेला, की कॅरिबियनला सगळे जाऊ, आणि त्या दिवशी मिशी काढू. तेव्हापासून त्यांच्या मंडळींनी रोज सकाळी बाजारभाव विचारायला सुरुवात केली आहे. टोमॅटोला भाव यावा म्हणून मुक्ताईला नवस बोलणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत. मिशी जावी म्हणून तोच नवस बोलणारी बाई ही पहिलीच.